शिवशरण मॅडम आणि माझ्याकडून राहिलेले कुलूप

मॅडमांना मी पहिल्यांदा पाहिले ते महाविद्यालयाच्या प्रवेश कक्षात. वडील आणि मी सकाळी आठपासून रांगेत होतो. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. त्या दिवशी एक पाळी बुडवून ते आले होते आणि दर पाच मिनिटांनी मला तेलुगूतून विचारत होते, सगळे कागद आणलेस ना? आणलेले नव्हते. रहिवासाचा दाखला घरी राहिला होता. कक्षात दोन टेबले होती. एका टेबलावरचे गृहस्थ प्रत्येक कागद उलटसुलट करून बघत आणि एखादा कमी निघाला की माणसाला सरळ परत पाठवत. त्यांची रांग तासाला चार माणसांनी हलत होती. दुसऱ्या टेबलावर प्रा. रत्नमाला शिवशरण मॅडम होत्या. त्यांनी माझी मूळ गुणपत्रिका तेवढी नीट पाहिली, नाव आणि क्रमांक जुळवला आणि म्हणाल्या, “बाकीचं आठ दिवसांत आणून द्या. न्हाय आणलं तर प्रवेश आपोआप थांबेल, तशी नोंद केलीय मी. या.” बाहेर आल्यावर वडील काळजीत पडले. या बाईंनी काही तपासलेच नाही, म्हणाले, उद्या अंगाशी आले म्हणजे?

अंगाशी काही आले नाही. आठव्या दिवशी मी दाखला घेऊन गेलो, तेव्हा माझ्या नावापुढे तारखेसह खूण होती आणि दाखला न देणाऱ्या दोघांचे प्रवेश खरोखरच थांबले होते. बाकी सगळी रांग मात्र पहिल्या दिवशी जेवणाआधीच मोकळी झाली होती.

मॅडम या महिन्यात वयाची साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त होत आहेत. गौरवग्रंथ समितीचे पत्र मला आले, त्यात दोन सूचना होत्या. लेख बेताचा असावा आणि आठवणी प्रसन्न असाव्यात. पहिली सूचना पाळण्याचा प्रयत्न करतो. दुसरीच्या बाबतीत वाचकांनी थोडे सांभाळून घ्यावे, कारण या लेखात माझी एक कबुली आहे. ती दिल्याखेरीज मॅडमांविषयी चार चांगले शब्द लिहिण्याचा मला अधिकार पोचत नाही. लेख छापायला देण्यापूर्वी होटगीच्या एका वयोवृद्ध गृहस्थांना तो वाचून दाखवावा लागला. त्यांनी होकार दिला म्हणून तो आपल्या हाती आहे.

मॅडम आम्हांला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवत. या ग्रंथाच्या वाचकांत डॉक्टर, वकील, शिक्षक असे सगळे असतील, म्हणून थोडे सोपे करून सांगतो. संगणकात आपण वापरतो ते प्रोग्रॅम वेगळे आणि त्या सगळ्यांना सांभाळणारा आतला गाभा वेगळा. या गाभ्याला कर्नल म्हणतात. प्रोग्रॅमला फाईल वाचायची असली की तो गाभ्याला विनंती करतो आणि सोबत मेमरीतला एक पत्ता देतो, की वाचलेले या पत्त्यावर आणून ठेव. आता हा पत्ता खरा असेलच असे नाही. त्या जागी काहीच नसेल, किंवा तो पत्ता गाभ्याच्या स्वतःच्या घरातला असेल. डोळे मिटून तिथे लिहिले तर सगळे मशीनच कोसळायचे. म्हणून पत्ता तपासणे आले.

तपासायच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे दर वेळी सगळी यादी उघडून, हा पत्ता आहे का आणि त्यावर लिहायची मुभा आहे का, हे बघायचे. ही रीत बिनधोक पण संथ. दुसऱ्या रीतीत एवढेच बघायचे, की पत्ता सीमेच्या अलीकडचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या हद्दीतला आहे ना. असेल तर सरळ कामाला लागायचे. तिथे खरोखर काही नसेल तर मशीनचे हार्डवेअर स्वतःच ओरडते. ते ओरडणे पकडायचे, चुकलेल्या प्रोग्रॅमला बंद करायचे आणि बाकीच्यांचे काम चालू ठेवायचे. बहुतेक पत्ते बरोबरच असतात, म्हणून ही रीत फार वेगवान पडते. मॅडम म्हणत, “संशय एकदाच घ्या, पण नेमक्या जागी घ्या. आणि पकडायची तयारी झाल्याबिगर इश्वास ठेवू नका.” प्रवेश कक्षातली रांग मला तिसऱ्या वर्षी या वाक्यापाशी समजली.

आमच्या विभागाचा स्वतःचा एक छोटा कर्नल होता. मॅडमांनी तो आधीच्या तुकड्यांकडून हळूहळू लिहून घेतला होता. प्रयोगशाळेतल्या एका मोठ्या मशीनवर तो चाले आणि सगळी टर्मिनल्स त्यालाच जोडलेली असत. दर शुक्रवारी प्रत्येक विद्यार्थ्याने एक ‘वाईट’ प्रोग्रॅम लिहून आणायचा, मुद्दाम चुकीचे पत्ते देणारा, आणि गाभा पाडून दाखवायचा. पाडला तर मॅडम घरची शेंगा चटणी बक्षीस देत. चटणी लई तिखट असे, पण ती मिळवण्यासाठी आम्ही जिवाचे रान करत होतो. मी एकदाच जिंकलो. मेमरीच्या पानाच्या, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्याच्या, अगदी कडेवर सुरू होणारा आणि अर्धा पलीकडे लोंबणारा पत्ता दिला होता. पहिले टोक बरोबर, दुसरे चूक. मॅडमांनी पाहिले, डोक्याला हात लावला आणि भर वर्गात म्हणाल्या, “फसले की मी. वंगारी, हितं या, डबा घ्या.” रागावल्या की मॅडम छापील मराठीत बोलत. होटगीची, म्हणजे त्यांच्या गावची, बोली ऐकू आली की समजायचे, स्वारी खूश आहे.

त्यांच्या मनाचा मोठेपणा सांगायला एकच उदाहरण पुरेसे आहे. आमच्या वर्गात कुंभारीहून येणारी एक मुलगी होती. संध्याकाळी प्रयोगशाळा रंगात येई तेव्हा तिची बस सुटायची वेळ झालेली असे. मॅडमांनी कुठे वाच्यता केली नाही की तिला वेगळी सवलत जाहीर केली नाही. एका सोमवारपासून प्रयोगशाळा सकाळी सातला उघडू लागली, सगळ्यांसाठी. सातला येणारी ती एकटीच होती आणि दार उघडणाऱ्या मॅडम.

आता कबुलीकडे येतो.

माझे शेवटचे वर्ष होते. आमचा कर्नल तेव्हा पहिल्या, संथ रीतीने पत्ते तपासत होता. दुसरी रीत मॅडमांनी शिकवली होती, पण बसवली नव्हती, कारण पकडायची तयारी अजून पुरी नव्हती. गाभ्यात कोणताही बदल करायचा तर तो कागदावर छापून मॅडमांना दाखवायचा आणि त्यांची सही झाल्यावरच घालायचा, असा नियम होता. मशीनचा पासवर्ड त्यांनी विद्यार्थ्यांपैकी माझ्या एकट्याकडे दिलेला होता. त्या आठवड्यात मॅडम रजेवर होत्या. त्यांच्या वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. मी ठरवले, त्या परत येतील तेव्हा मशीन पळताना दिसले पाहिजे. दोन दिवस बसून वेगवान रीत बसवली. सीमा बघितली, दोन्ही टोके बघितली, हार्डवेअरचे ओरडणे पकडले, चुकलेला प्रोग्रॅम नीट बंद होतो हेही बघितले. सही तेवढी घेतली नाही. मॅडमांना खूश करायचे होते, आणि शहाणपणाचा वारा कानात शिरला होता.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. फाईल वाचताना गाभा एक कुलूप लावतो, म्हणजे दोघांनी एकाच वेळी फाईलींत ढवळाढवळ करू नये. नेमक्या त्या क्षणी पत्ता चुकीचा निघाला तर प्रोग्रॅम बंद करण्याआधी त्याच्या नावावरचे कुलूप सोडवावे लागते. ते मी सोडवले नव्हते. मेलेल्या प्रोग्रॅमच्या नावावर कुलूप तसेच राही आणि फाईल मागणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे ताटकळत उभा राही.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी, बाहेरगावचे परीक्षक समोर बसलेले असताना, कोणा एकाने चुकीचा पत्ता दिला. त्याचा प्रोग्रॅम नियमाप्रमाणे बंद झाला. मग शेजारचे टर्मिनल थांबले, मग त्याच्या शेजारचे, आणि पाच मिनिटांत सगळी प्रयोगशाळा ठप्प झाली. मशीन बंद करून पुन्हा चालू केले, तर अर्ध्या तासाने तेच. परीक्षा रद्द करावी लागली. परीक्षकांनी जाताना प्राचार्यांकडे तक्रार केली आणि दुपारी तीनला चौकशी बसली.

मॅडम आदल्या दिवशीच कामावर रुजू झाल्या होत्या. त्यांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावले. मी बाहेर पाण्याच्या कूलरपाशी उभा होतो आणि दार अर्धवट उघडे होते. बदल कोणी केला, असे कोणीतरी विचारले. मॅडम छापील मराठीत म्हणाल्या, “प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आहे. माझ्या सहीशिवाय तिथे बदल होत नाहीत. तपासणी माझ्याकडून राहिली.” कोणा मुलाचे नाव आहे का, असेही विचारले गेले. “नाही,” त्या म्हणाल्या.

दार ढकलून आत जायला मला चार पावले चालायची होती. पुढच्या सोमवारी माझी नोकरीची मुलाखत होती. आमच्या घरात मागावर न बसणारा मी पहिला ठरणार होतो. चौकशीत नाव आले असते तर मुलाखतीच्या यादीतून ते गेले असते. मी दोन पेले पाणी प्यालो आणि घरी गेलो. सोमवारी मुलाखत दिली, नोकरी लागली, पुण्याला गेलो. मॅडमांनी पाठीवर हात ठेवून शुभेच्छा दिल्या.

मॅडमांच्या सेवापुस्तकात ‘कामात निष्काळजीपणा’ असा शेरा बसला आणि त्या वर्षीची बढती हुकली. पुढच्या वेळीही तोच शेरा आडवा आला. हे मला तीन वर्षांनी प्रयोगशाळेचे परिचर सय्यदचाचा यांच्याकडून कळले. चाचा सहज बोलून गेले, “मॅडम ने सब अपने पे लिया ना बाबा. तेरेकू मालूम नै?” मी म्हटले, माहीत नव्हते. तेही अर्धेच खरे होते.

त्यानंतर दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी मॅडमांकडे जात असे. आज सांगायचेच असे ठरवून जायचो आणि चिवडा खाऊन परत यायचो. मधल्या काळात मॅडमांनी माझ्यासाठी काय केले नाही? कंपनीतले माझे पहिले मोठे काम अडले, तेव्हा फोनवर तासभर माझ्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. वडील गेले तेव्हा दारात पहिल्या आल्या. मी सोलापूरला परतून घरूनच काम करायचे ठरवले, तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढले. मॅडम एकट्या म्हणाल्या, “ये की. कर्नल काय पुण्यातच चालतो व्हय?” प्रत्येक उपकारागणिक सांगणे अवघड होत गेले. काळ जाईल तसे सोपे होईल, हा माझा हिशेब साफ चुकला.

मग या ग्रंथाचे पत्र आले आणि पाठोपाठ समितीच्या एका सदस्यांचा फोन. गृहस्थ भले आहेत, मॅडमांवर त्यांची भक्ती आहे. ते म्हणाले, “मॅडमांच्या शिस्तीवर लिहा. फक्त ते जुनं प्रात्यक्षिकाचं प्रकरण टाळा. एकदा झाली होती त्यांच्या हातून चूक, कशाला उकरायची?” फोन ठेवला आणि मला माझी शरम वाटली. माझी चूक न छापताही मॅडमांच्याच नावावर कायमची राहणार होती, आणि मी वर गोड आठवणी लिहिणार होतो. त्याच दिवशी मॅडमांकडे गेलो.

“मॅडम, त्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी,” मी सुरुवात केली.

“कुलूप सोडवलं न्हवतंस,” मॅडम म्हणाल्या. “त्याच दिवशी बदल वाचून काढला मी. बाकी सगळं चांगलं लिहिलं हुतंस. दोन्ही टोकं बघितली हुतीस.”

“मग तुम्ही आत माझं नाव का नाही सांगितलं?”

“पासवर्ड मी दिला हुता. वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम चुकणारच की रे. त्याच्यानं सगळं मशीन बंद पडलं, तर दोष गाभ्याचा. हेच शिकवत हुते ना मी तुमाला?”

“आणि इतकी वर्षं मला काही बोलला नाहीत.”

“तू बोलशील म्हणून थांबले.” त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “लई येळ लावलास मात्र.”

मी म्हटले, मला हे सगळे ग्रंथात लिहायचे आहे. शेरा काढावा म्हणून महाविद्यालयाकडे अर्जही करतो. अर्जाला त्यांनी साफ नकार दिला. सही घेतल्याशिवाय बदल झाला हे खरेच होते आणि जबाबदारी त्यांचीच होती, शेरा खोटा नाही, असे त्यांचे म्हणणे. लेखाचे ऐकल्यावर त्यांनी माझा रिकामा कप उचलून ठेवला. मग म्हणाल्या, “लिही. पण आधी आबांना वाचून दाखव.”

आबा म्हणजे मॅडमांचे वडील, वय वर्षे चौऱ्याऐंशी, मुक्काम होटगी. उभी नोकरी त्यांनी रेल्वेत केली. रुळांवरून रोज पायी जायचे, हातोडीने ठोकून प्रत्येक सांधा बघायचा, सैल असेल तिथे घट्ट करायचे. थंडीतापातही त्यांनी पाहणी चुकवली नाही. बढती हुकल्याचे मॅडमांनी त्यांना सांगितले, तेव्हा कारणही सांगितले होते, की तपासायचे राहिले. आबा म्हणाले होते, “रूळ न बघता गाडी सोडलीस व्हय?” आणि आठ दिवस लेकीच्या हातचे जेवले नव्हते. होटगी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते रोज बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पोरीचे कौतुक ऐकवत. त्या दिवसापासून तिथे त्यांनी तिचे नाव काढले नाही. हे सगळे मॅडमांनी मला त्या दिवशी प्रथमच सांगितले. माझ्या गप्प बसण्याने बढती गेली हे मला ठाऊक होते. बापाच्या तोंडून लेकीचे नाव गेले, हे नव्हते.

रविवारी सकाळी मॅडम आणि मी होटगीला गेलो. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. “जय भीम, या,” म्हणाले. मी लेख काढला आणि मोठ्याने वाचू लागलो. गाभा आणि पत्त्यांच्या भागाला त्यांनी डोळे मिटले. मला वाटले झोपले. पण कुलुपापाशी आलो तसे त्यांनी हात वर केला.

“थांबा. मंजे गाडी हिच्या हातनं न्हाय अडली.”

“नाही आबा. माझ्या हातनं अडली.”

“साहेबानं हिला आत बोलावलं, तवा तुमी कुटं हुता?”

“बाहेरच होतो. कूलरपाशी.”

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. “वय काय हुतं?” त्यांनी विचारले.

“एकवीस.”

“हं,” म्हणाले, आणि लेकीकडे वळले. “आणि तू. आठ दिवस म्या तुझ्या हातचं अन्न खाल्लं न्हाय. तवा तरी सांगायचं हुतं.”

“काय सांगू आबा? बघायचं काम माझंच हुतं की. ते राहिलंच हुतं.”

“ते हाय,” आबा म्हणाले. या मुद्द्यावर बापलेकीचे एकमत होते आणि माझी तिथे कोणाला गरज नव्हती. थोड्या वेळाने आबांनी डोळे पुसले. मग पुढचे वाचायला सांगितले. मी मॅडमांच्या घरच्या चहापर्यंत वाचले, त्या वेळी लेख तेवढाच लिहिला होता. “छापा,” ते म्हणाले, आणि टोपी मागितली.

कुठे निघालात, असे मॅडमांनी विचारले. “चा प्यायला,” एवढेच उत्तर मिळाले. आबा काठी टेकत पुढे आणि आम्ही दोघे मागे, असे स्टेशनबाहेरच्या टपरीवर पोचलो. आबांच्या बरोबरीचे तिथे कोणी उरलेले नव्हते. ज्यांना सांगायचे होते, ते एकेक करून गेले होते. बाकावर पिशव्या घेतलेले एक जोडपे गाडीची वाट बघत होते. आबा त्यांच्यासमोर बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि कोणी काही न विचारता म्हणाले, “ही माझी पोरगी. सोलापुरात विंजिनेरच्या कालेजात हाय. तितल्या सगळ्या मशिनी हिच्या ताब्यात हायत्या.” या महिनाअखेर ती मशीन्स दुसऱ्या कोणाच्या ताब्यात जाणार होती. मॅडमांनी ते सांगितले नाही. साठ वर्षांच्या आमच्या मॅडम मान खाली घालून चहा पीत राहिल्या. जोडप्याची गाडी आली आणि ते गेले. आबांनी पुढचा प्रवासी येऊन बसेपर्यंत वाट बघितली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मॅडमांना उदंड आयुष्य मिळो, गुडघे आणि डोळे शेवटपर्यंत साथ देवोत, आणि निवृत्तीनंतर जो कर्नल त्यांना मनासारखा लिहायचा आहे तो पुरा होवो. आबांनाही भरपूर आयुष्य लाभो. टपरीवर सांगायचे त्यांचे बरेच दिवस माझ्यामुळे बुडाले आहेत, तेवढे तरी त्यांना परत मिळोत.